चेंडू, चाल आणि आजीचा फोटो

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



२०१९ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर काम करणारे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आमच्या वर्गात आले. मुलगी नुकतीच बारावी झालेली. तिला डिजिटल अ‍ॅनिमेशन आणि फोटो एडिटिंग शिकायचं होतं. वर्षभराचा अभ्यासक्रम, रोज तीन तास. फीचा आकडा ऐकून ते जरा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘‘सर, पैशाचं बघू काहीतरी. पण एक सांगा, हे शिकून पोरीला नक्की काय येणार?’’

मी ठरलेलं उत्तर दिलं. अमुक सॉफ्टवेअर येईल, तमुक सॉफ्टवेअर येईल. त्यांनी मान डोलावली, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. खरं सांगायचं तर माझंही झालं नव्हतं. सॉफ्टवेअरची नावं दर चार-सहा वर्षांनी बदलतात. ज्या ‘फ्लॅश’वर एके काळी अख्खे अभ्यासक्रम चालत, त्या फ्लॅश प्लेअरचा आधार कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी कायमचा काढून घेतला. मग मुलांच्या हाती राहतं ते काय? त्या एका मुलीने वर्षभरात जे प्रोजेक्ट केले, त्यांची हकिकत सांगून या प्रश्नाचं उत्तर द्यायचा आज प्रयत्न करतो.

वहीचा कोपरा

पहिल्या आठवड्यात आम्ही संगणक सुरूच करत नाही. प्रत्येकाला एक शंभर पानी वही आणायला सांगतो. वहीच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटं चित्र काढायचं. पुढच्या पानावर तेच चित्र, पण किंचित पुढे सरकलेलं. असं करत साठ-सत्तर पानं भरायची आणि अंगठ्याने भरभर सोडायची. तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत बाकावर बसून, गुरुजींची नजर चुकवून हा उद्योग केला असेल. तोच अ‍ॅनिमेशनचा पहिला धडा.

थोडाथोडा फरक असलेली स्थिर चित्रं पुरेशा वेगाने डोळ्यांसमोरून गेली, की मधला प्रवास आपला मेंदू स्वतःच भरून काढतो. सिनेमात अशी २४ चित्रं एका सेकंदात पडद्यावर येतात. त्यातल्या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये बऱ्याचदा एकच चित्र दोन फ्रेम दाखवतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं पुरतात. तरीही एका मिनिटाच्या फिल्मसाठी ७२० चित्रं झाली. आकडा फळ्यावर लिहिला, की वर्गात शांतता पसरते.

ही विद्या आपल्याकडे परदेशातून संगणकाबरोबर आली, अशी पुष्कळांची समजूत असते. तसं नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची वाढ थोडीथोडी टिपली. पडद्यावर ती वाढ मिनिट-दीड मिनिटात दिसली. ती पाहूनच भांडवल देणाऱ्याचा त्यांच्यावर विश्वास बसला आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला. पुढे १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा छोटा चित्रपट केला. त्यात काडेपेटीतल्या काड्या आपोआप हलतात. एक काडी जराशी सरकवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा सरकवायची. आमची मुलं आज मोबाइलवर हेच करतात.

आणि ज्यांनी जुनं दूरदर्शन पाहिलं आहे, त्यांना जाळ्यासकट उडून जाणाऱ्या चिमण्या आठवतच असतील. विजया मुळे यांनी दिग्दर्शित केलेली ‘एक, अनेक और एकता’ ही फिल्म १९७४ सालची. त्यातलं अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं. एकही संगणक न वापरता केलेलं ते काम पन्नास वर्षांनंतरही शिळं झालेलं नाही.

दोन आठवडे एक चेंडू

संगणकावरचा पहिला प्रोजेक्ट म्हणजे चेंडू. वरून पडणारा, जमिनीवर आपटून उसळणारा आणि हळूहळू थांबणारा एक साधा चेंडू. मुलं हिरमुसतात. त्यांच्या डोक्यात ड्रॅगन, रोबो आणि युद्ध असतं. मी त्यांना दोन आठवडे चेंडूच टाकायला लावतो.

या मुलीने पहिल्या दिवशी तासाभरात चेंडू तयार करून दाखवला. संगणकात ‘की-फ्रेम’ नावाची सोय असते. पहिल्या फ्रेममध्ये चेंडू वर आहे असं सांगायचं, बाराव्या फ्रेममध्ये जमिनीवर आहे असं सांगायचं. मधल्या सगळ्या जागा संगणक भरतो. तिने तसंच केलं होतं. चेंडू खाली आला, वर गेला. पण तो पडत नव्हता. लिफ्टसारखा उतरत होता. तिलाही ते दिसत होतं. ‘‘सर, काहीतरी चुकतंय, पण काय ते कळत नाही,’’ असं ती म्हणाली.

चूक अशी होती की संगणकाने अंतर सारखं वाटून दिलं होतं. खरा चेंडू तसा पडत नाही. त्याचा वेग क्षणाक्षणाला वाढत जातो. चार शतकांपूर्वी गॅलिलिओने दाखवून दिलं, की पडणारी वस्तू पहिल्या क्षणात जेवढं अंतर कापते, त्याच्या तिप्पट दुसऱ्या क्षणात, पाचपट तिसऱ्यात आणि सातपट चौथ्यात कापते. एक, तीन, पाच, सात. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या, तर पहिल्या फ्रेममध्ये चेंडू जेमतेम साडेआठ मिलिमीटर खाली येतो आणि बाराव्या फ्रेममध्ये जवळजवळ वीस सेंटीमीटर. अर्ध्या सेकंदात एकूण सव्वा मीटरच्या आसपास. शाळेत हे सूत्र तिने पाठ केलं होतं, त्यावर मार्कही मिळवले होते. पण त्या सूत्राचा आणि आपल्या चेंडूचा काही संबंध आहे, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

तिने घराच्या भिंतीवर खडूने रेघा मारल्या, धाकट्या भावाला चेंडू टाकायला सांगितला आणि मोबाइलवर चित्रण करून एकेक फ्रेम थांबवून पाहिली. मग तिला दुसरीही गोष्ट दिसली. उसळून वर गेलेला चेंडू माथ्यावर क्षणभर रेंगाळतो. तिथे चित्रं दाट हवीत आणि जमिनीजवळ विरळ. रबरी चेंडू आपटताना किंचित चपटा होतो. लोखंडी गोळा होत नाही. चपटा झाला तरी त्याचं आकारमान तेवढंच राहायला हवं, म्हणजे उंची कमी झाली तर रुंदी वाढायला हवी. ती वाढवली नाही, तर चेंडूतली हवा गेल्यासारखी वाटते.

अ‍ॅनिमेशनवाले ज्यांना बारा तत्त्वं म्हणतात, त्यातलं पहिलं हे. डिस्ने स्टुडिओतले दोन बुजुर्ग कलाकार, फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन, यांनी १९८१ साली एका ग्रंथात ती बारा तत्त्वं मांडली. संगणकाने ती बाद केली नाहीत. उलट पिक्सारच्या जॉन लॅसेटर यांनी १९८६ साली टेबललॅम्पच्या छोट्या पिल्लाची फिल्म केली तेव्हा तीच तत्त्वं वापरली. त्या दिव्याला नाक नाही, डोळे नाहीत. तरी ते पिल्लू आहे हे बघणाऱ्याला एका क्षणात कळतं, ते केवळ त्याच्या उड्यांवरून.

दोन आठवड्यांनी तिचा चेंडू पडला. खरोखर पडला. त्या दिवशी मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाहेरच्या माणसाला ते हास्यास्पद वाटलं असतं.

एसटी स्टँडवरचा अभ्यास

पुढचा प्रोजेक्ट माणसाच्या चालीचा. चालणं ही आपल्याला इतकी सवयीची गोष्ट आहे, की आपण ती कधी पाहिलेलीच नसते. एका पावलात चार मुख्य अवस्था येतात. टाच जमिनीला टेकते. मग अंगाचं सगळं वजन त्या पायावर येतं आणि शरीर किंचित खाली जातं. मागचा पाय पुढच्याला ओलांडतो. आणि शरीर पुन्हा उंचावतं. उजवा पाय पुढे तेव्हा डावा हात पुढे. कंबर एका बाजूला कलते तेव्हा खांदे दुसऱ्या बाजूला. थोडक्यात, माणूस पाऊल टाकताना सतत पडत असतो आणि सतत स्वतःला सावरत असतो.

या अवस्था पुस्तकात सापडतात. पण त्या जोडून जो तयार होतो तो कुणीच नसतो. चालणारा एक पुतळा होतो. म्हणून मी मुलांना एसटी स्टँडवर पाठवतो. वहीत लिहून आणायचं: वीस माणसं कशी चालली. गुडघे दुखणारी बाई पायऱ्या कशी उतरते? पाठीवर दप्तर असलेला मुलगा आणि हातात जड पिशवी असलेला माणूस यांच्या चालीत फरक काय? जड पिशवी उजव्या हातात असेल, तर डावा हात अंगापासून लांब जातो, हे त्या मुलीने लिहून आणलं. मी तीस वर्षं ते पाहत होतो, पण मला ते शब्दांत सांगता आलं नसतं.

तिने प्रोजेक्टसाठी निवडली कमरेवर घागर घेतलेली बाई. भरलेली घागर आणि रिकामी घागर. चित्र तेच, चाल वेगळी. चेहरा काढायचा नाही, अशी माझी अट असते. वजन चालीतून दिसलं पाहिजे. हे काम जुलै संपेपर्यंत चाललं. ऑगस्ट लागला आणि पूर आला.

प्रकाश कुठून येतो?

पुराकडे जाण्याआधी वर्गातल्या दुसऱ्या विषयाबद्दल थोडं सांगायला हवं, म्हणजे पुढचं नीट समजेल. हा विषय म्हणजे फोटो एडिटिंग.

संगणकातला फोटो म्हणजे रंगीत चौकोनी ठिपक्यांची रांगोळी. एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा, या तीन रंगांचं प्रमाण ० ते २५५ अशा आकड्यांत लिहिलेलं असतं. तीन रंगांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून अधिक छटा. फोटो सुधारणं म्हणजे शेवटी हे आकडे बदलणं. फोटोशॉप हा कार्यक्रम १९९० साली बाजारात आला; त्यात ‘लेअर’ ही सोय १९९४ साली आली. लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. मूळ फोटो सगळ्यात खाली सुरक्षित राहतो आणि आपण जे काही करतो ते वरच्या कागदावर. नको वाटलं तर तो कागद काढून टाकायचा. मूळ फोटोला हात लावायचा नाही, हा आमच्या वर्गातला पहिला नियम.

जुलैमध्ये दिलेला प्रोजेक्ट असा होता: अंगणात उभ्या असलेल्या स्कूटरचा फोटो काढा आणि ती स्कूटर कापून समुद्रकिनाऱ्यावर उभी करा. कापायचं काम मुलं लवकर शिकतात. फसतात ती सावलीत. अंगणात ऊन डावीकडून आलेलं, किनाऱ्यावर उजवीकडून. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे जाणवतं. म्हणजे चेंडूच्या वेळी जे वेळेच्या बाबतीत झालं, तेच इथे प्रकाशाच्या बाबतीत. बटणं दोन दिवसांत येतात. प्रकाश कुठून येतो हे बघायला शिकण्यात महिने जातात.

पूर ओसरल्यावर

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला आलेला पूर सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलापाशी पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली. पाणी ओसरलं तेव्हा रस्त्याच्या कडेला गाद्या, धान्य, पुस्तकं, कपाटं यांचे ढीग लागले होते. त्या ढिगांत फोटोंचे अल्बमही होते.

वर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा ठरलेला प्रोजेक्ट बाजूला ठेवून आम्ही भिजलेले फोटो दुरुस्त करायला घेतले. त्या निमित्ताने मुलं काही गोष्टी शिकली, त्या सांगून ठेवतो, कारण पूर पुन्हा येऊ शकतो. एकमेकांना चिकटलेले ओले फोटो ओढून सोडवू नयेत. स्वच्छ थंड पाण्यात भिजत ठेवून अलगद वेगळे करावेत आणि सपाट जागी, चित्राची बाजू वर करून, सावलीत वाळवावेत. फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल आणि सहज सुटत नसेल, तर ओढू नये. काचेसकट स्कॅन करावा. कारण फोटोचं चित्र कागदात नसतं, कागदावरच्या जिलेटिनच्या पातळ थरात असतं. हा थर ओला झाला की फुगतो आणि वाळताना काचेला धरून बसतो.

त्या मुलीच्या आजोबांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या लग्नानंतर स्टुडिओत काढलेला, पन्नासएक वर्षांपूर्वीचा काळा-पांढरा फोटो भिंतीवर होता. पाणी ओसरल्यावर त्यांनी तो काचेपासून ओढून काढला. आजोबा शाबूत राहिले. आजीच्या चेहऱ्याचा फोटोत डावीकडे दिसणारा अर्धा भाग काचेवर गेला आणि काच पुसताना तोही गेला. आजी चार वर्षांपूर्वी वारली होती. तिचा तरुणपणाचा तेवढाच एक फोटो होता.

मुलीने तो वर्गात आणला. ६०० डीपीआयला स्कॅन केला. सहा बाय चार इंचांच्या फोटोचे ८६ लाख ४० हजार पिक्सेल झाले. डाग, चिखलाच्या रेषा, बुरशीचे ठिपके तिने आठवडाभर बसून काढले. त्यासाठी दोन हत्यारं असतात. एक, शेजारचा चांगला भाग उचलून डागावर ठेवणारं. दुसरं, तो भाग ठेवताना आजूबाजूच्या उजेडाशी जुळवून घेणारं. आजोबांचा कोट, मागचा रंगवलेला पडदा, आजीचं नऊवारी सगळं स्वच्छ झालं. राहिला तो अर्धा चेहरा.

तिने उरलेला अर्धा भाग उचलला, आरशात दिसावा तसा उलटा केला आणि रिकाम्या जागी बसवला. आजीला दोन नथी आल्या. एक पुसली. मग सावली उलटी पडली होती ती सुलटी केली. तीन दिवसांनी चेहरा पुरा झाला. मी शाबासकी दिली, दहापैकी नऊ मार्क दिले आणि प्रिंट काढून घरी न्यायला सांगितलं. ही माझी चूक होती, आणि ती मी आजही मुलांना सांगतो.

आजोबांनी प्रिंट हातात घेतली, खिडकीजवळ नेली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, ‘‘छान झालीय गं. पण ही ती नव्हे.’’ आजीच्या उजव्या भुवईवर लहानपणी पडल्याची खोक होती आणि हसताना ती भुवई जरा वर राहायची. नेमका तोच भाग गेला होता.

कुणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. हे मला माहीत होतं आणि तरी मी नऊ मार्क दिले होते. फोटो गुळगुळीत दिसला, एवढ्यावर मी भुललो होतो.

अंदाज आणि पुरावा

त्यानंतर वर्गात एक दिवस पूर्ण चर्चा झाली. एक मुलगा म्हणाला, आजोबांनी सांगितलंय ना, मग खोक काढून टाकूया. पाच मिनिटांचं काम आहे. दुसरी म्हणाली, पण किती लांब? कुठून कुठपर्यंत? आजोबांच्या आठवणीतली की खरी? मिरजेच्या नातेवाइकांकडे एका लग्नातला समूहफोटो सापडला. त्यात आजी होती, पण वीस वर्षांनी मोठी, तिसऱ्या रांगेत, तांदळाच्या दाण्याएवढी. मोठा केला तर नुसते चौकोन दिसत. फोटोत जी माहिती टिपलीच गेलेली नाही, ती मोठं करून मिळत नाही.

आजकाल कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं असा अंधूक चेहरा क्षणात लख्ख करून देतात. ती जादू नाही. त्या साधनाने आधी लाखो चेहरे पाहिलेले असतात आणि त्यावरून ते ‘इथे बहुधा असं असेल’ असा अंदाज भरतं. २०२० साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात तयार झालेल्या अशाच एका साधनाला बराक ओबामा यांचा अगदी अंधूक फोटो देण्यात आला, तेव्हा त्याने गोऱ्या माणसाचा चेहरा काढून दिला. चेहरा स्पष्ट होता, फक्त तो ओबामांचा नव्हता. साधनं तेव्हापेक्षा पुष्कळ सुधारली आहेत, पण ती करतात तो अंदाजच. आमच्या मुलीने हाताने जे तीन दिवसांत केलं, तेच ती तीन सेकंदांत करतात.

असं करणं नेहमीच वाईट का? नाही. पण बघणाऱ्याला ते ठाऊक हवं. फेब्रुवारी १९८२ च्या नॅशनल जिऑग्राफिक मासिकाच्या मुखपृष्ठावर इजिप्तचे पिरॅमिड होते. आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठात बसावा म्हणून संगणकाच्या मदतीने दोन पिरॅमिड जवळ सरकवले गेले होते. फोटोशॉप तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. त्यावरून मोठी टीका झाली. हेच पिरॅमिड कुणी चित्रात काढून जवळ आणले असते, तर कुणी अवाक्षरही काढलं नसतं.

आमच्या अभ्यासक्रमातले दोन विषय एकाच छपराखाली शिकवले जातात, पण त्यांच्यातला फरक मला त्या दिवशी नीट समजला. अ‍ॅनिमेशन पाहणाऱ्याला आधीच माहीत असतं की हे सगळं रचलेलं आहे. म्हणून तिथे दिवा उड्या मारू शकतो. फोटो पाहणारा मात्र असं धरून चालतो, की हे कुणाच्या तरी समोर घडलं होतं. त्या विश्वासावर आपण लग्नं जमवतो, ओळखपत्रं काढतो, बातम्या वाचतो.

मुलीने शेवटी दोन प्रती केल्या. एकीत डाग, चिखल, सुरकुत्या गेलेल्या. पण चेहऱ्याचा गेलेला भाग तसाच, फक्त बोचू नये इतपत करड्या रंगाचा. दुसरीत आजोबांना विचारून, चार वेळा दुरुस्त करून भरलेला चेहरा आणि मागे पेनने लिहिलेलं: ‘आजीच्या चेहऱ्याची उजवी बाजू अंदाजाने भरली आहे.’ दुसरी प्रत आत्याने नेली. आजोबांनी भिंतीवर पहिली लावली. ‘‘गेलेली बाजू मला आठवते की,’’ ते म्हणाले, ‘‘ती कशाला काढायची?’’

तीस सेकंदांची फिल्म

वर्षाअखेरचा प्रोजेक्ट म्हणजे तीस सेकंदांची फिल्म. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि वर्ग बंद झाला. मुलांनी उरलेलं काम घरून केलं. या मुलीकडे चुलतभावाचा जुना संगणक होता आणि ‘ब्लेंडर’ हे सॉफ्टवेअर. ते कुणालाही फुकट मिळतं. २००२ साली लोकांनी वर्गणी काढून एक लाख युरो जमवले आणि ते खुलं करून घेतलं. लॅटव्हिया या छोट्या देशातला ‘फ्लो’ हा मांजराचा चित्रपट ब्लेंडरवरच तयार झाला आणि २०२५ साली त्याला अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं.

तीस सेकंद म्हणजे ७२० फ्रेम. संगणकाने प्रकाश, सावली, रंग यांचा हिशेब करून अंतिम चित्र तयार करणं, याला रेंडर म्हणतात. तिच्या संगणकाला एका फ्रेमला चार मिनिटं लागत. म्हणजे सलग ४८ तास. मध्ये वीज गेली तर? म्हणून आम्ही शिकवतो, की थेट व्हिडिओ काढू नका, एकेक चित्र वेगळं साठवा. वीज तीनदा गेली. दर वेळी जिथे थांबलं होतं, तिथून पुढे तिने काम चालू केलं.

फिल्म अगदी साधी होती. एक बाई भरलेली घागर घेऊन येते, उंबऱ्याशी थांबते, घागर उतरवते आणि कंबर सरळ करते. चेहऱ्याला तपशील नाहीत. पण आजी घागर कशी उतरवायची, हे तिने आजोबांना विचारून विचारून घेतलं होतं. आधी गुडघा, मग कोपर, मग घागर; आणि उठताना डावा हात भिंतीला. फिल्म आजोबांना मोबाइलवर दाखवली. त्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली. या वेळी त्यांनी ‘ही ती नव्हे’ असं म्हटलं नाही.

पालकांसाठी दोन शब्द

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येतो. हे शिकून काय येतं? वेळ बघता येतो, वजन बघता येतं, प्रकाश बघता येतो. आणि आपण जे भरलं ते खरं की अंदाज, हे स्वतःला विचारायची सवय लागते. सॉफ्टवेअर बदललं तरी हे बदलत नाही.

व्यवहाराचंही बोलतो. या क्षेत्रात नोकऱ्या आहेत, पण जाहिरातीत सांगतात तशा हमखास नाहीत. सुरुवातीला बहुतेकांच्या वाट्याला दुसऱ्याच्या फिल्ममधल्या आकृत्या फ्रेमगणिक कापण्याचं, तारा पुसण्याचं काम येतं. मोठ्या कंपन्याही डळमळतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा जगभर पसरलेला समूह कोसळला, तेव्हा बेंगळुरू आणि मुंबईतल्या अनेकांचं काम एका झटक्यात गेलं. त्यात जी साधी कामं संगणक आता स्वतः करू लागला आहे, ती कमी होत जाणार. म्हणून वर्ग निवडताना इमारत आणि वातानुकूलन बघू नका. आधीच्या मुलांचे प्रोजेक्ट दाखवा म्हणावं. ड्रॅगन नको, चेंडू दाखवा. एका चुकीच्या चेंडूपासून बरोबर चेंडूपर्यंत मुलगा कसा पोचला, हे ज्या शिक्षकाला सांगता येतं, त्याच्याकडे मुलाला पाठवा. आणि कर्ज काढण्याआधी महिनाभर घरच्या संगणकावर फुकटच्या सॉफ्टवेअरवर मुलाला खटपट करू द्या. ब्लेंडर आहे, चित्रासाठी क्रिता आहे, फोटोसाठी गिंप आहे. महिन्यानंतरही तो कंटाळला नसेल, तर पुढचा विचार करा.

ती मुलगी आज पुण्यात एका छोट्या स्टुडिओत काम करते. शाळांसाठी विज्ञानाच्या फिल्म्स तयार करतात ते. मध्यंतरी तिचे वडील यार्डात भेटले. त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. ‘‘काय हो सर,’’ म्हणाले, ‘‘पोरगी घरी आली की मला नुसती चालायला लावते आणि बघत बसते. हळदीचं पोतं उचलून चाला म्हणते. तुम्हीच शिकवलंय ना हे?’’

मी हो म्हटलं.